नोराच्या गुडघ्याचे काप

पांढऱ्या ट्रेमधलं पाणी आधी गुलाबी झालं, मग विटेच्या रंगाचं.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. हाडांना एकमेकांशी धरून ठेवणारं जे असतं, ते दिसत नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या गावात घरांच्या पायथ्याला वीतभर उंचीचा लाल पट्टा ओढतात. कोंबड्या त्याला घासून जातात आणि मग बरेच दिवस गावात लालसर कोंबड्या फिरतात.

चेंडू पहिल्या हँडलरच्या खिशात असतो. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. जमिनीवर पडला तर उचलूनही द्यायचा नाही.

नाकातली चमकी निघेना, तेव्हा मी साबण मागितला.

वाघाचं हाड वाळवलं, पोत्यात बांधलं, पोत्यावर मिरची पसरली, तरी ती बसायची. सापडलं की भुंकायचं नाही. सापडलं की तिथंच बसायचं.

पहिला काप कोणी बघत नाही.

काप दोन

"पट्टा काढला, साखळी काढली," फैयाज म्हणाला. "आता सांगा, हिच्या अंगात कुठं लोखंड?"

"अंगात कसं राहील बा?" सुखदेवभाऊ म्हणाले.

"काका, छर्रा असतो. गिळलेली सुई असते. मागं एका लॅब्राडोरच्या पोटात पाना निघाला. बरं झालं, आधी एक्स-रे काढला होता. तसाच आत नेला असता तर पाना लॅब्राडोरला घेऊन मशीनला चिकटला असता."

"आमची नोरा सरकारी आहे. पाना नाही खात."

फैयाज हसला नाही. जनावरांच्या त्या एमआरआय केंद्रात तो तंत्रज्ञ होता आणि लोखंडाच्या बाबतीत त्याला विनोद चालत नव्हता. मशीन बंद दिसली तरी तिच्यातलं चुंबक चालूच असतं, हे त्यानं आम्हाला आल्या आल्या सांगितलं होतं. माझ्या केसांतल्या पिना, घड्याळ, चमकी त्यानं प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवायला लावली. माझी पिशवी आणि फोन बाहेरच्या बाकावर. सुखदेवभाऊंच्या खाकी पॅंटचा पट्टाही त्यानं काढून घेतला. त्यानंतर ते एका हातानं पॅंट धरून उभे होते.

नागपूरचा मे महिना. बाहेर दुपट्ट्यात तोंडं गुंडाळलेली माणसं गाड्यांवरून जात होती आणि आत आम्हाला थंडी वाजत होती. नोरा आम्हा दोघांच्या मधे तीन पायांवर उभी होती. चौथा, मागचा उजवा, तिनं नुसता बोटांच्या टोकांवर टेकवला होता, पाणी किती गरम आहे ते बघावं तसा.

नोरा वनखात्याच्या श्वानपथकातली कुत्री. मालिन्वा जातीची, सागाच्या वाळल्या पानाच्या रंगाची, तोंड तेवढं काळं. आम्ही दोघं तिचे हँडलर, दोघंही वनरक्षक. सुखदेव नन्नावरे पहिले, मी वैजयंती कुळमेथे दुसरी. पहिला म्हणजे ज्याच्या खिशात चेंडू. नोरा पगारावर काम करत नव्हती, चेंडूवर करत होती. चोरट्या शिकारीतलं कातडं, नखं, हाडं, काही सापडलं की ती बसायची, आणि सुखदेवभाऊ खिशातून लाल रबरी चेंडू काढून फेकायचे. तेवढ्यासाठी ती दिवसभर काट्यांतून फिरायची.

मी चार वर्षं तिला खाऊ घातलं, अंघोळ घातली, तिच्या अंगावरच्या गोचड्या वेचल्या. मी आले की ती शेपटी हलवायची, नाही असं नाही. पण मी 'शोध' म्हटलं की आधी मागं वळून त्यांच्या खिशाकडं बघायची आणि मगच निघायची.

एप्रिलच्या सुरुवातीला आदेश आला. तिकडं पश्चिमेला, घाटातल्या जंगलात नवं पथक निघणार होतं आणि नोराला तिकडं बोलावलं होतं. पन्नाशीपुढच्या हँडलरला नव्या पथकात घेणार नव्हते. सुखदेवभाऊंची पन्नाशी उलटलेली, उठता-बसता त्यांचे स्वतःचेच गुडघे वाजायचे. म्हणून नोरासोबत मी. पहिली हँडलर म्हणून.

त्यानंतर आठवडाभरातच नोरानं एका नाल्याच्या काठावरून खाली उडी मारली, दगडांच्या फटीत तिचा पाय घसरला आणि ती लंगडायला लागली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघा मागं-पुढं दाबून बघितला. म्हणाले, लिगामेंट तुटलं असेल, अर्धंच तुटलं असेल, नसेलही. एक्स-रे काढला. हाडं व्यवस्थित होती. त्यांनी गोळ्या दिल्या, आराम सांगितला आणि खात्याला लिहून दिलं की नक्की कळायचं तर एमआरआय करा.

निकामी ठरलेल्या कुत्र्याचं नाव आमच्या पथकातून कमी व्हायचं, आणि पहिल्या हँडलरची तयारी असेल तर ते त्याच्या घरी जायचं. त्यामुळं गणित सरळ होतं, जरी कोणी मोठ्यानं मांडलं नव्हतं. लिगामेंट तुटलेलं असेल तर नोरा सुखदेवभाऊंची. शाबूत असेल तर माझी.

आणि आम्ही एकाच गाडीतून, तिचं डोकं त्यांच्या मांडीवर आणि शेपटी माझ्या मांडीवर घेऊन, नागपूरला आलो होतो. वाटेत त्यांनी मला त्यांच्या डब्यातली भाकर आणि वांग्याची भाजी दिली. मी खाल्ली.

काप तीन

"हे मशीन गुडघ्याचे काप काढतं," डॉक्टर मृणाल देऊसकर म्हणाल्या.

"कापणार?" सुखदेवभाऊंनी पॅंट सोडली आणि घाईनं पुन्हा पकडली.

"सुरी नाही लागत हो. वांग्याचे काप करतो ना आपण, पातळ पातळ? तसे, पण नुसत्या चित्रात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं सुरुवात करायची, मग आत आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं." त्यांनी पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याचा गुडघा आणला. "हा मधला. इथं तिरका काळा पट्टा दिसतो? हे लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा दोर. चांगला असेल तर असा काळा, सलग. तुटला की मधे पांढरं दिसतं आणि धागे विसकटलेले."

"म्हणजे काळं चांगलं," मी म्हणाले.

"काळं चांगलं."

"आणि वांग्याचा पहिला काप?" सुखदेवभाऊंनी विचारलं. "तो नाही दाखवला तुम्ही."

"पहिल्यात काय, नुसती साल. केस आणि कातडी. तो कोणी बघत नाही. मी थेट मधे जाते."

भूल देणारे डॉक्टर आले. नोराच्या पुढच्या पायावरचे केस त्यांनी चार बोटं काढले आणि सुई लावली. सुखदेवभाऊ खाली बसले, गुडघे कडकडले.

"काका, तुमचेही काढायचे का काप?" फैयाज म्हणाला. आता तो हसत होता.

"माह्ये कोणी नाही काढत. मी सरकारी असलो तरी."

औषध चढताना आधी नोराचे कान झुकले. मग तिनं नाक पुढं केलं आणि सुखदेवभाऊंच्या उजव्या खिशाला लावलं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, वरूनच थोपटून परत आला.

"उठल्यावर," ते तिला म्हणाले.

फैयाजनं तिला दोन्ही हातांवर उचललं. तिची जीभ बाहेर लोंबत होती. मेलेल्या कुत्र्याची लोंबते तशीच. मी दुसरीकडं बघितलं.

बाहेर बाकावर माझा फोन वाजत होता. आमचे वनपरिक्षेत्र अधिकारी, आरएफओ गेडाम साहेब.

"लागली का मशीनला?"

"आताच आत नेली, साहेब."

"सुखदेव कुठं आहे?"

"आतमधीच."

"लक्ष ठेव. आदेश आला आन् आठ दिवसांत कुत्री लंगडी झाली. मी काही म्हणून नाही राहिलो, वैजयंती. फक्त सांगून राहिलो."

"साहेब, ती माह्यासमोर पडली."

"पडली तुह्यासमोर. पण लंगडून किती दिवस राहिली? अं? केनेलची किल्ली कोणाजवळ असते?"

किल्ली सुखदेवभाऊंजवळ असायची. मी सकाळी पोचायच्या आधी ते नेहमी केनेलमध्ये, नोराच्या खोलीत, असायचे. आधीही असायचे, पण एप्रिलपासून जास्तच लवकर यायचे. एकदा मी अंधारातच पोचले, तर त्यांनी दार आतून लावून घेतलेलं होतं. मी हाक मारल्यावर म्हणाले, थांब, पाणी सांडलं आहे.

हे मी गेडाम साहेबांना सांगितलं नाही. फोन ठेवला आणि आत गेले. पण सांगितलं नाही म्हणून ते डोक्यातून गेलं नाही.

काप चार

काचेच्या पलीकडं मशीनच्या बोगद्यात नोराचा अर्धा भाग दिसत नव्हता. गुडघ्याभोवती चित्र टिपणारी कॉइल बांधलेली. काचेच्या अलीकडं खुर्चीवर डॉक्टर, शेजारी फैयाज, मागं आम्ही दोघं.

मशीन सुरू झाली. गावात बोअर मारणारी गाडी येते, तिच्यासारखा आवाज. ठकठकठकठक, मग थांबायची, मग वेगळ्याच पट्टीत घुर्रर्र. प्रत्येक वेळी थांबली की वाटायचं संपलं. संपलेलं नसायचं.

"दुखत नाही ना तिले?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"झोपली आहे ती," फैयाज म्हणाला.

"झोपीत दुखते."

फैयाज पडद्याकडं वळला.

मला ती अखंड हवी होती. हे मी तेव्हा मनात अगदी याच शब्दांत म्हणत होते, अखंड, अखंड, मशीनच्या ठोक्यांवर. आणि माझ्या उजव्या हाताला उभा असलेला माणूस मनात काय म्हणत असेल, हे मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. आम्ही दोघं एकाच काचेतून एकाच गुडघ्याकडं बघत होतो.

पडद्यावर चित्रं यायला लागली. डॉक्टर थेट मधे गेल्या.

मधे काहीच नव्हतं.

गुडघा होता. वर मांडीचं हाड राखाडी, खाली नडगी. आणि दोघांच्या मधे, जिथं तो तिरका पट्टा असायला हवा, तिथं शाई सांडावी तसा काळा डाग. त्याची कड पांढरी, चमकणारी. डागाजवळ हाडाची रेघसुद्धा वाकली होती, पाण्यातली काठी वाकलेली दिसते तशी.

डॉक्टर एक काप पुढं गेल्या. डाग होता. आणखी एक पुढं. होताच.

"फैयाज, पुन्हा घे."

पुन्हा ठकठकठक. पुन्हा डाग.

"काळं चांगलं असते ना?" मी विचारलं.

"एवढं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

काप पाच

"हे धातूमुळं होतं," डॉक्टर खुर्ची आमच्याकडं वळवून म्हणाल्या. "चुंबकाला धातू आवडत नाही. बारीकसा कण असला तरी आजूबाजूचं सगळं गिळून टाकतो. गुडघ्यात कोणी इंजेक्शन दिलं होतं? सुई तुटली का?"

"नाही," मी म्हणाले. "एक्स-रेमध्येही काही दिसलं नव्हतं."

"एक्स-रे कधीचा?"

"एप्रिलचा."

"म्हणजे त्यानंतर काही झालं असेल तर सांगता येत नाही."

फैयाज सुखदेवभाऊंकडं बघत होता. "काका, मी विचारलं होतं. अंगात लोखंड आहे का, दोनदा विचारलं."

"नाही आहे लोखंड."

"मग हे काय आहे?"

"मले काय माहीत? तुमची मशीन आहे."

माझ्या कानात गेडाम साहेबांचा आवाज होता. आतून लावलेलं दार होतं. माणूस कुत्र्याच्या पायात टाचणी टोचेल का? सुखदेवभाऊ? पण कुत्रीला आपल्याजवळ ठेवायला माणूस काय करतो, काय करत नाही, हे मला त्या वयात कुठं ठाऊक होतं. मला तर मी स्वतः काय केलं असतं तेही सांगता आलं नसतं.

"भाऊ," मी म्हणाले. "तुम्ही सकाळी काय करत होते केनेलमध्ये?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पॅंट धरलेला हात बदलला.

"तुले गेडामनं विचाराले लावलं?"

"मीच विचारून राहिली."

काचेपलीकडं भूल देणारे डॉक्टर खुणा करत होते, लवकर, लवकर.

"एक मिनिट," डॉक्टर देऊसकर पडद्याकडं वळल्या होत्या. त्या मधले काप सोडून मागं मागं येत होत्या, आतून बाहेर, हाडाकडून मांसाकडं, मांसाकडून कातडीकडं. डाग प्रत्येक कापात मोठा होत होता. शेवटी त्या पहिल्या कापावर येऊन थांबल्या, जो कोणी बघत नाही. तिथं नोराच्या पायाची बाहेरची कडच नव्हती. उंदरानं भाकर कुरतडावी तशी सगळी बाजू खाल्लेली.

"गुडघ्यात नाही हे," त्या म्हणाल्या. "सालीत आहे."

त्या उठल्या, आत गेल्या. नोराला बोगद्यातून बाहेर ओढलं, कॉइल सोडली, ओला कापूस घेऊन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला केसांच्या मुळाशी दाबून फिरवला. कापूस वर धरला.

लाल.

"रक्त," फैयाज म्हणाला.

"रक्त नाही ते," सुखदेवभाऊ माझ्या शेजारून म्हणाले. आवाज इतका खाली की काचेपलीकडं जाणंच शक्य नव्हतं. "गेरू आहे."

भिंतीचा तो लाल पट्टा. अंगणातल्या कोंबड्या.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा सुखदेवभाऊंनी पुन्हा सांगितलं. गेरू आणि आंबेहळद उगाळून, कोमट करून, वरून एरंडाचं पान बांधायचं. सकाळी लावायचा, तासाभरानं पुसायचा. सुजेवर गावात सगळेच लावतात. बैलालाही लावतात.

"कधीपासून लावताय?"

"पडली तवापासून. रोज."

"तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, वरून काही लावू नका म्हणून?"

"त्यायनं गोळी सांगतली. गोळी देल्ली. गोळीवर गेरू नको असं नाही म्हणले."

"अहो, पण धुऊन तरी आणायची."

"धुतली ना. काल दोनदा धुतली. दिसते का काही?"

दिसत नव्हतं. सागाच्या वाळल्या पानाच्या रंगाची कुत्री. केस बाजूला केल्याशिवाय कोणाला दिसणार होतं?

"काका, गेरू म्हणजे काय असतं माहीत आहे?" फैयाज म्हणाला. "माती आहे ती, पण लोखंडाची. गंजच समजा."

सुखदेवभाऊंनी आपल्या नखांकडं बघितलं. मग हात मागं घेतला. पॅंट घसरली, तेव्हा पुन्हा पुढं आणला.

बाहेर फोन वाजत होता. मी गेले.

"काय निघालं?" गेडाम साहेब.

"अजून काही नाही, साहेब. गेरू लागला होता पायाला. मशीनला दिसत नव्हतं त्याच्यामुळं. आता धुऊन पुन्हा घेणार आहेत."

"गेरू कोणी लावला?"

"भाऊंनी."

"बघ. मी म्हटलं नव्हतं? फोटो बिघडवाले लावला."

"साहेब, फोटोचं डॉक्टरनं नंतर लिहून देल्लं. गेरू ते ती पडली तवापासून लावून राहिले. सूज उतराले."

तिकडं थोडा वेळ पंख्याचा आवाज आला.

"मग काऊन लावून राहिला तो?" साहेब म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. "बरी झाली तर जाईल ना ती."

काप सहा

"फार वेळ नाही देऊ शकत मी," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "तिचं अंग गार पडतंय."

नोराला शेजारच्या खोलीत टेबलावर घेतलं. तिच्या पायाखाली पांढरा ट्रे. मी पाणी ओतत होते, फैयाज शाम्पू चोळत होता. पाणी आधी गुलाबी झालं, मग विटेच्या रंगाचं. ट्रे बदलला. पुन्हा गुलाबी. केसांच्या मुळाशी किती थर बसला होता, याचा अंदाज कोणालाच नव्हता.

"निघत नाही असं," डॉक्टर म्हणाल्या. "केसच काढा."

केस कापायच्या मशीननं तिचा सगळा गुडघा भादरला. लाल-भुरे केस जमिनीवर पडत होते. खाली कातडी सोललेल्या कोंबडीसारखी, तिच्यावर बारीक लाल ठिपके. फैयाज स्पिरिटनं एकेक ठिपका पुसत बसला. पायात जीव नसल्यासारखा तो टेबलावरून सारखा घसरत होता.

"मी धरतो," सुखदेवभाऊ म्हणाले.

"दोन्ही हात लागतील, काका."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, टेबलावरची बँडेजची पट्टी उचलली, कमरेभोवती फिरवून पॅंट आवळून बांधली आणि दोन्ही हातांनी नोराचा पाय धरला. बांधलेल्या पट्टीची टोकं शेपटीसारखी मागं लोंबत होती. कोणी हसलं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष तिच्या छातीवर होतं आणि आम्हा सगळ्यांचं त्यांच्या तोंडावर.

"चला," ते म्हणाले. "आता घेतलं तर घेतलं. पुन्हा नाही."

पुन्हा बोगदा. पुन्हा बोअरची गाडी. सुखदेवभाऊ माझ्या शेजारी उभे होते, ओल्या हातांनी. मी मघा विचारलेला प्रश्न आमच्या दोघांच्या मधे उभा होता. तो मला परत घ्यायचा होता. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत मी म्हणाले, "भाऊ."

"चूप. बघू दे."

चित्रं आली. यावेळी डॉक्टरांनी पहिल्या कापापासून सुरुवात केली. साल होती, सगळी, न कुरतडलेली. मग मांस. मग हाडाची कड. त्या एकेक काप सरकवत आत चालल्या.

तिरका, काळा पट्टा. वरपासून खालपर्यंत.

"थांबा," त्या म्हणाल्या, जणू आम्ही कुठं निघालो होतो. त्या पुढं गेल्या, मागं आल्या, चित्र मोठं केलं. "इथं थोडं पांढरं आहे. सूज आहे. ताणलं गेलंय. पण सलग आहे. धागे शाबूत आहेत."

"म्हणजे?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"म्हणजे तुटलेलं नाही. दोन महिने विश्रांती, मग हळूहळू चालवा, मग पळवा. काम करेल ही."

मला आनंद व्हायला हवा होता. मी सुखदेवभाऊंकडं बघायचं टाळलं आणि काचेत त्यांचं प्रतिबिंब बघितलं. ते मान हलवत होते, बाजारात एखादी वस्तू पसंत पडल्यावर माणूस हलवतो तशी.

"गेरूनं उतरली ना सूज?" ते म्हणाले.

"गेरूनं उतरली का गोळीनं, ते मशीन सांगत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या.

"मशीनले गेरू आवडत नाही म्हणून तुम्ही असं म्हणता."

तेव्हा डॉक्टर हसल्या. सगळेच जरा जरा हसले, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी.

काप सात

नोरा जागी झाली ती बाहेरच्या खोलीत, गोधडीवर. आधी कान उठले, मग डोळे. एक पाय भादरलेला, डोळ्यांत अजून धुकं. ती उठायला गेली, पडली, पुन्हा उठली.

सुखदेवभाऊ समोर उकिडवे बसले होते. तिनं त्यांच्या उजव्या खिशाला नाक लावलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग नाक काढून घेतलं, जमिनीवरून, खुर्च्यांच्या पायांवरून, झोकांड्या खात ती बाकापर्यंत गेली. बाकावर माझी पिशवी होती. तिथं ती बसली. दुखरा पाय बाजूला पसरून, पण ताठ.

"चक्कर येऊन राहिली तिले," सुखदेवभाऊ घाईनं म्हणाले. "उचल, उचल. गाडीत ठेवू."

मी तिला उचललं. ती मान वळवून बाकाकडंच बघत होती.

परतताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कोण कुठं बसणार हे कोणी ठरवलं नव्हतं, गाडीचं दार उघडल्यावर सुखदेवभाऊच शेपटीच्या बाजूला चढले. उमरेड मागं पडलं.

"भाऊ," मी म्हणाले. "मी मघा तुम्हाले विचारलं..."

"विचारलं तं विचारलं. हँडलरनं विचारलं पाहिजे. माह्या कुत्रीले काय लावलं, हे मीही विचारलं असतं."

थोड्या वेळानं मी म्हणाले, "ती लंगडी राहिली असती तर तुमच्या घरी आली असती."

"माह्या घरी सोफा नाही," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बसून काय केलं असतं तिनं?"

त्यांच्या गावाच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. केनेलची किल्ली माझ्या हातात दिली आणि उतरले. नोरा कुंईकुंई करायला लागली. ते मागं न बघता चालत गेले. पॅंटचा पट्टा त्यांनी नागपुरात फैयाजकडून परत घेतला होता, पण बँडेजची पट्टी सोडायची राहून गेली होती. तिची टोकं मागं हलत होती.

पावसाळा ओसरल्यावर मी आणि नोरा निघालो. त्या दिवशी सुखदेवभाऊंनी रजा टाकली होती.

घाटातल्या त्या जंगलात नोरानं पुढं सहा वर्षं काम केलं. तिचा उजवा गुडघा शेवटपर्यंत टिकला. शेवटी गेला तो डावा, ज्याचे काप कोणी काढले नव्हते. तेव्हा ती माझ्या घरी आली आणि माझ्या घरीच, पलंगाखाली, म्हातारी झाली. सुखदेवभाऊंना मी दर दिवाळीला फोन करायचे. ते तिच्याबद्दल विचारायचे, मग गेरू लावते का म्हणून विचारायचे.

नव्या जंगलात पहिल्या दिवशी मी 'शोध' म्हटलं, तेव्हा नोरा थांबली आणि मागं वळली. तिनं माझ्या खिशाकडं बघितलं. मग निघाली.

काप एक

नागपूरला निघायच्या सकाळी, कुठलीही मशीन सुरू होण्याआधी, मी नोराला पाणी पाजत असताना सुखदेवभाऊंनी चेंडू माझ्या पिशवीत टॉवेलाखाली ठेवला होता.